दोष आईच्याच माथी का? वयात येणाऱ्या मुलांचा शंभर वर्षांचा हिशेब



मुलगा नववीत गेल्यापासून खोलीचं दार लावून बसतो. मुलगी भरल्या ताटावरून उठून जाते, जरा काही बोललं की डोळ्यांत पाणी. घरात असं काही सुरू झालं की आलेला पाहुणा चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत निकाल देऊन मोकळा होतो, "आईनं लाडावून ठेवलंय." तीच आई कडक असेल तर, "आईनं फार धाकात ठेवलं." निकाल उलटसुलट, पण आरोपी एकच. आपल्याला वाटतं, ही आपल्या नातेवाईकांची खोड आहे. तसं नाही. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या नावाजलेल्या डॉक्टर-प्राध्यापकांनी हाच निकाल गेल्या शंभर वर्षांत आलटून पालटून दिला आहे, आणि त्यातला बराचसा पुढे मागेही घ्यावा लागला आहे. तो इतिहास आपल्याला माहीत असायला हवा, म्हणून आज जरा लांबचं लिहिते आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या जॉन वॉटसन यांच्यापासून करू. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले हे मानसशास्त्राचे प्राध्यापक. 1920 मध्ये रोझली रेनर या आपल्या विद्यार्थिनीशी असलेल्या संबंधांवरून त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे रोझलीशी लग्न झालं आणि वॉटसन जाहिरातींच्या धंद्यात शिरले. 1928 मध्ये त्यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक आलं आणि खूप खपलं. त्यातला सल्ला असा: मुलांना मिठीत घेऊ नका, पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवत नसेल तर रात्री झोपताना कपाळावर एकदा. सकाळी मुलाशी हस्तांदोलन करा. आईची माया मुलाला दुबळं करते, असं त्यांचं म्हणणं. कणीक जशी मळावी तशी पोळी, तसंच माणसाचंही, असा त्यांचा ठाम विश्वास होता.

हे पुस्तक घरोघरी वाचलं गेलं त्या काळात वॉटसन यांच्या स्वतःच्या घरात दोन मुलगे वाढत होते, विल्यम आणि जेम्स. घरात नियम तेच. रोझलीबाईंनी 1930 मध्ये पालकांसाठीच्या एका मासिकात लेख लिहिला, या शास्त्रज्ञाच्या मुलांची आई असणं कसं असतं यावर. नवऱ्याच्या शास्त्रापुढे आपण मान तुकवतो, पण काही बाबतींत आपलं मन बंड करतं, असं त्यांनी त्यात मोकळेपणानं कबूल केलं. मुलांवर थोडी जास्त माया करावीशी वाटते, हसावं-खिदळावंसं वाटतं, हे त्यांना छापून सांगावं लागलं! मला तो लेख वॉटसन यांच्या सगळ्या पुस्तकापेक्षा जास्त खरा वाटतो. 1935 मध्ये रोझली गेल्या, चाळिशीही गाठली नव्हती. मुलं तेव्हा ऐन वयात येण्याच्या उंबरठ्यावर.

पुढे थोरल्या विल्यमनं आत्महत्या केली. तो स्वतः मनोविकारतज्ज्ञ झाला होता, हे विशेष. धाकट्या जेम्सनं म्हातारपणाकडे झुकल्यावर एका मुलाखतीत वडिलांच्या या कोरड्या पद्धतीबद्दल कडवट बोलून दाखवलं. वॉटसन यांच्या पहिल्या लग्नाच्या मुलीची मुलगी, अभिनेत्री मॅरिएट हार्टली, हिनं 1990 मध्ये आपल्या आठवणींत घरातलं औदासीन्य, दारू आणि अबोला यांच्याविषयी लिहिलं. एका घराच्या दुःखावरून सिद्धांत काढायचा नसतो, हे खरं. नैराश्य रक्तातूनही येतं. पण ज्या माणसानं लाखो आयांना माया आवरायला सांगितली त्याच्या घरात माया मागायची सोय नव्हती, एवढं तर दिसतंच.

नंतर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. लंडनचे जॉन बोल्बी हे वरच्या वर्गातले गृहस्थ. लहानपणी त्यांना आईपेक्षा दाईचा सहवास जास्त, आणि ती लाडकी दाई ते चारेक वर्षांचे असताना काम सोडून गेली. पुढे ते मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात डॉक्टर झाले. तिथे चोरी करणारी 44 मुलं त्यांनी तपासली आणि चोरी न करणाऱ्या, पण दुसऱ्या तक्रारी असलेल्या 44 मुलांशी तुलना केली. चोरांपैकी 14 मुलं अशी होती की त्यांना कुणाचीच ओढ नव्हती, प्रेम नाही आणि लाजही नाही. त्या 14 पैकी 12 जण अगदी लहानपणी आईपासून दीर्घकाळ तुटलेले निघाले. हा अभ्यास 1944 मध्ये छापून आला. 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी मोठा अहवाल लिहिला: लहान मुलाला आईची, किंवा आईसारखं कायमचं कुणी असण्याची, अन्नाइतकीच गरज आहे.

यातून फार चांगलं घडलं. इस्पितळांत तेव्हा आईबापांना आठवड्यातून एखाद्या वेळीच मुलाला भेटू देत. ते नियम हळूहळू सैल झाले. आज मुलाच्या खाटेशेजारी आपण रात्रभर बसू शकतो, त्यात या अभ्यासांचा वाटा आहे. पण याच अहवालाची काठी करून नोकरीवर जाणाऱ्या बायकांना झोडपण्यात आलं. समाजाला मुलं मोलाची वाटत असतील तर त्यानं आईबापांनाही सांभाळलं पाहिजे, असंही बोल्बींनी त्यात लिहिलं होतं. ते वाक्य मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आपल्याला कुठलं वाक्य ऐकवलं जातं आणि कुठलं गाळलं जातं, हे तपासून पाहावं बायांनो.

यानंतरची काही वर्षं तर वाचवत नाहीत. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइकमान यांनी एक शब्द वापरला, मुलाला स्किझोफ्रेनिया करणारी आई. त्या स्वतः बाई होत्या, हे सांगायला वाईट वाटतं. स्वमग्न मुलांच्या आयांना "शीतकपाटासारख्या थंड" म्हटलं जाऊ लागलं. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात याच कल्पनेला जोर दिला. विचार करा, ज्या बाईचं पोर तिच्याकडे बघत नाही, बोलत नाही, तिलाच सांगायचं की तुझ्या थंडपणानं हे झालं. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा मुलगा असा होता. त्यांनी आपल्या बायकोला मुलाशी वागताना पाहिलं होतं, म्हणून हे त्यांना पटेना. 1964 मध्ये त्यांनी पुस्तक लिहून दाखवलं की हे मेंदूच्या घडणीतलं आहे. 1969 मध्ये, या विकाराचं पहिलं वर्णन करणारे लिओ कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि तुम्ही निर्दोष आहात असं त्यांनी जाहीर सांगितलं. त्या सभेतल्या आया तोवर वीसेक वर्षं हा आरोप अंगावर वागवत होत्या.

म्हणजे आईबापांच्या वागण्याचा मुलांवर काहीच परिणाम नसतो का? असतो. पण तो नेमका कसा होतो हे शोधायला आईकडे रोखलेलं बोट बाजूला करून सगळं घर पाहावं लागलं. त्याची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते.

कॅलिफोर्नियात ओकलंड गावातल्या, 1920-21 मध्ये जन्मलेल्या मुलामुलींची 1931 च्या सुमाराला एक पाहणी सुरू झाली. ही मुलं वयात कशी येतात, एवढंच पाहायचं होतं. पण नेमकी तेव्हाच महामंदी आली. बापांच्या नोकऱ्या गेल्या, पगार निम्मे झाले. कुणी ठरवून केला नसता असा प्रयोग आपोआप घडला. त्या नोंदी पुढे कपाटांत पडून राहिल्या. 1962 मध्ये ग्लेन एल्डर हा तरुण समाजशास्त्रज्ञ बर्कलीला आला आणि त्यानं 167 मुलांच्या त्या फायली उघडल्या. 1974 मध्ये त्याचं पुस्तक आलं.

त्यात काय दिसलं? पैसा गेला म्हणून मुलं बिघडली, असं सरळ नव्हतं. मुलगे पेपर टाकू लागले, दुकानांत कामाला लागले. मुलींनी स्वयंपाकघर आणि धाकटी भावंडं सांभाळली. यातली बरीच मुलं पुढे खंबीर निघाली. कारण घराला आपली गरज आहे, हे त्यांना रोज दिसत होतं. बिघाड झाला तो दुसऱ्या वाटेनं. काम गेलेला बाप चिडखोर झाला, आज एक तर उद्या दुसरं असं बोलू लागला, विनाकारण टाकून बोलू लागला. मुलं कोमेजली ती त्या बोलण्यानं.

1985 मध्ये एल्डर आणि सहकाऱ्यांनी त्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट काढली. मंदीचा फटका मुलांपेक्षा मुलींच्या मनाला जास्त बसला होता, आणि तो बापाच्या झिडकारण्यातून बसला होता. त्यातही ज्या मुली पाहणी करणाऱ्यांच्या नजरेत दिसायला साधारण होत्या, त्यांच्याशी बाप जास्त कठोर वागले होते. हे वाचून मी थोडा वेळ पुढे वाचू शकले नाही. मुलीचा रंग, उंची, चष्मा, केस यांवर घरातली माणसं ज्या सहजतेनं बोलतात, तेही ती चौदा-पंधराची असताना, ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. अमेरिकेतल्या त्या बापांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही म्हटलं असतं, आम्ही काही वेगळं वागलो नाही.

पन्नास वर्षांनी हेच चित्र अमेरिकेतच, पण शेतावर दिसलं. 1980 च्या दशकात आयोवा राज्यातली शेती कोसळली. कर्जाचे व्याजदर चढले आणि जमिनीच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं लिलावात निघाली. आपल्यापैकी कितीतरी जणींचं माहेर शेतीवर जगणारं आहे. कर्ज घेतलेल्या घरात संध्याकाळी कशी शांतता पसरते, ते मी वेगळं सांगायला नको. रँड काँगर आणि तेच ग्लेन एल्डर यांनी 1989 मध्ये तिथली 451 कुटुंबं अभ्यासाला घेतली. प्रत्येक घरात सातवीतलं एक मूल आणि त्याचं एक भावंड. नुसते प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, वाद कसा मिटवतात, याचं त्यांनी घरी जाऊन चित्रीकरण केलं.

जी साखळी सापडली ती अशी. पैशाची ओढाताण आईबापांचं मन खचवते. खचलेलं मन नवराबायकोत भांडण आणतं. भांडलेले आईबाप मुलांशी तुटक आणि कठोर वागतात, आणि ते मूल उदास होतं, आत्मविश्वास हरवतं किंवा उलट बोलायला लागतं. यात आई आणि बाप दोघंही आहेत, आणि दोघांच्या मागे बँकेचं पत्र आहे. मूल शेवटच्या कडीला लोंबकळतं, म्हणून लोकांना फक्त शेवटची कडी दिसते, आई ओरडली ती. याच अभ्यासात दुसरी बाजूही पुढे आली. जी मुलं शेतात आईबापांबरोबर खरं काम करत होती, ज्यांचे आजी-आजोबा जवळ आणि जिव्हाळ्याचे होते, ती अशा काळातही बरीच सावरली.

इंग्लंडमध्ये मायकेल रटर यांनीही असंच काही दाखवलं होतं. आईपासून काही दिवस दूर राहिल्यानं मूल बिघडत नाही. आजारपणात मावशीकडे ठेवलेलं मूल ठीक राहतं. घरातल्या भांडणांतून झालेली ताटातूट मात्र लागते, आणि तिथेही आईबापांपैकी एकाशी जरी चांगलं नातं असेल तरी धोका कमी होतो. त्यांनीच आइल ऑफ वाइट या बेटावरच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, ती 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. या वयातली मुलं आईबापांच्या विरोधातच असतात, हा समज तिथे खोटा ठरला. बहुतेकांचं घरी बरं चाललं होतं. पण आतून खिन्न वाटणारी मुलं पुष्कळ होती, आणि त्यांची खिन्नता बऱ्याचदा घरच्यांच्या आणि शिक्षकांच्या लक्षातच आलेली नव्हती. दार आपटणारं मूल आपल्याला दिसतं. ताट स्वच्छ करून, हो-हो म्हणत खोलीत जाणारं दिसत नाही.

वळण लावावं की मोकळं सोडावं, हा आपला नेहमीचा वाद. बर्कलीच्या डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात बालवाडीतल्या मुलांची घरं पाहून तीन तऱ्हा सांगितल्या. हुकूम सोडणारे आईबाप, काहीही चालवून घेणारे आईबाप, आणि नियम ठाम पण कारण सांगणारे, ऐकून घेणारे आईबाप. तिसऱ्या घरांतली मुलं सर्वांत बरी निघाली, पुढे वयात आल्यावरही. यावर 1994 मध्ये रूथ चाओ यांनी रास्त शंका घेतली. चिनी घरांतला धाक अमेरिकन मोजपट्टीनं मोजला तर नुसता हुकूम दिसतो, पण तिथल्या मुलांना त्यात आईची काळजी आणि घडवण्याची धडपड दिसत असते. आपल्या घरांनाही ही शंका लागू पडावी असं मला वाटतं.

मात्र एका बाबतीत पळवाट नाही. ब्रायन बार्बर यांनी 1996 मध्ये वागण्यावरचा ताबा आणि मनावरचा ताबा यांत फरक केला. "आठला घरी ये", "मोबाइल दहानंतर बाहेरच्या खोलीत" हा वागण्यावरचा ताबा, आणि तो नसेल तर मुलं भरकटतात. "तुझ्यासाठी मी काय काय सोडलं", "असं वागलास तर आई म्हणू नकोस", दोन दिवसांचा अबोला, ही दुसरी जात. ती उदासीशी जोडलेली दिसली. सिडनीच्या गॉर्डन पार्कर यांनी 1979 मध्ये 25 प्रश्नांची एक यादी केली होती, मोठ्या माणसांनी आपले आईबाप आठवून भरायची. माया कमी आणि पहारा जास्त, असं ज्यांनी सांगितलं त्यांच्यात नैराश्य अधिक सापडलं. पहारा होता, पण मायाही भरपूर होती, त्यांची गोष्ट वेगळी होती.

आता शेवटी मार्शा लिनेहन. अमेरिकेत टल्सा गावी, तेलाच्या धंद्यातल्या सुखवस्तू घरात सहा भावंडांतली ही तिसरी. हुशार, पियानो छान वाजवणारी. पण देखण्या, चटपटीत भावंडांपुढे आपण कमी आहोत, हे तिच्या मनात घर करून होतं. 1961 मध्ये सतराव्या वर्षी ती हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. स्वतःला इजा करायची म्हणून तिला एकांताच्या खोलीत ठेवत. विजेचे झटके दिले, जड औषधं दिली, रोगाचं नाव चुकीचं लावलं. दोन वर्षांहून जास्त काळ ती तिथे होती. बाहेर पडल्यावर नोकरी करत, रात्रीच्या वर्गांत शिकत ती मानसशास्त्रज्ञ झाली, आणि अशाच मुलींसाठी उपचार शोधून काढला. आपण स्वतः त्यातून गेलो आहोत हे मात्र त्यांनी 2011 पर्यंत सांगितलं नव्हतं. सांगितलं तेही त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात, लोकांसमोर.

1993 च्या पुस्तकात त्यांनी कारण मांडलं ते असं. काही मुलं जन्मतःच हळवी असतात. त्यांना लवकर लागतं, जास्त लागतं आणि निवायला वेळ लागतो. असं मूल जर अशा घरात वाढलं की जिथे त्याला सतत सांगितलं जातं, "त्यात काय रडायचं", "तुला काही होत नाहीये", "उगाच नाटकं", तर ते आपल्याच भावनेवर विश्वास ठेवायला विसरतं. मग आपलं दुखणं दिसावं म्हणून आवाज चढवतं, किंवा स्वतःला इजा करतं. घर वाईटच असेल असं नाही. तीच आई दुसऱ्या, शांत मुलासाठी उत्तम आई असते. मुलाचा पिंड आणि घराची रीत यांचं जुळत नाही, आणि दिवसेंदिवस दोघं एकमेकांना जास्त चिघळवतात.

या उपचाराचं वयात येणाऱ्या मुलांसाठीचं रूप पुढे अमेरिकेतच अॅलेक मिलर आणि जिल राथस यांनी लिनेहन यांच्याबरोबर तयार केलं. त्यात आईबापांनाही मुलांबरोबर वर्गात बसवतात, तीच कौशल्यं शिकवतात. पहिला धडा म्हणजे मुलाची भावना मान्य करणं, आणि त्याचं वागणं मान्य करणं, या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं. मुलगी म्हणाली, "सगळ्या मैत्रिणी माझा तिरस्कार करतात," तर "छे, असं काही नसतं" असं लगेच म्हणायचं नाही. "आज फार एकटं वाटलं का गं तुला?" असं विचारायचं, आणि मग गप्प बसून ऐकायचं. सहलीला पाठवायचं की नाही, ते नंतर, आणि नाही म्हणायचा हक्क आपल्याकडेच राहतो. हे गप्प बसणं बापांना सर्वांत कठीण जातं असं मला वाटतं, आयांना त्याखालोखाल.

मूल स्वतःला इजा करत असेल, जगणं नको असं बोलत असेल, तर मात्र घरगुती शहाणपणावर थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे, तो दिवसरात्र चालू असतो. फ्रिजवर दूधवाल्याच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. घरातलं कुणी विचारलं, हा कशाला, तर सांगा, सगळ्यांसाठी आहे.